दोन केमोंच्या मधले वीस दिवस

केमोथेरपीच्या कित्येक उपचारक्रमांत औषध दर एकवीस दिवसांनी देतात. सकाळी रक्त तपासायचे, दुपारभर सलाइन चढवायचे, संध्याकाळी घरी सोडायचे. अशा सहा फेऱ्या झाल्या की जवळपास चार महिने उलटतात आणि त्यांतले मोजके दिवसच रुग्णालयात गेलेले असतात. उरलेले सगळे दिवस रुग्ण घरी काढतो. करमाळ्यात, सांगोल्यात, अक्कलकोटकडच्या एखाद्या वस्तीवर, नाहीतर सोलापुरात यंत्रमागांच्या खडखडाटाशेजारच्या दोन खोल्यांत. ताप येतो तो तिथे. तोंड येते ते तिथे. ‘आता बास, पुढचा डोस नको’ हा निर्णयही बहुतेक वेळा तिथेच होतो आणि त्या वेळी समोर डॉक्टर नसतो.

कर्करोगाच्या उपचारांविषयी बोलताना आपण शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधे यांविषयी बोलतो. या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या विभागांत, वेगवेगळ्या डॉक्टरांच्या हाती असतात. या विभागांमधून रुग्णाबरोबर जाणारी आणि तो घरी असतानाही त्याच्याशी संपर्क ठेवणारी व्यक्ती म्हणजे कर्करोगाचे खास प्रशिक्षण घेतलेली परिचारिका, ऑन्कॉलॉजी नर्स. नर्सिंगचे नेहमीचे शिक्षण झाल्यावर भारतात एक वर्षाची ऑन्कॉलॉजी नर्सिंगची पदविका घेता येते. काही जणी एम.एस्सी. करतात. तिला सुई टोचता येते, औषधासाठी कातडीखाली बसवलेला पोर्ट हाताळता येतो, औषधांची नावे पाठ असतात. पण तिच्या कामाचे मोल कळायचे असेल तर वेगळा प्रश्न विचारावा लागतो: सुरू झालेले किती उपचार पुरे झाले?

बार्शीने काय शिकवले

घरी असलेल्या रुग्णापर्यंत पोहोचण्याचा प्रश्न सोलापूर जिल्ह्याला नवा नाही. बार्शीत नर्गिस दत्त मेमोरिअल कॅन्सर हॉस्पिटल आहे. १९८७ साली या गावात देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी तालुका आणि शेजारच्या जिल्ह्यातले परांडा व भूम हे तालुके मिळून ३४६ गावे तिच्या कक्षेत आली. शहरातली नोंदणी रुग्णालयांच्या कागदांवर चालू शकते. इथे मुळात रुग्ण रुग्णालयापर्यंत येतच नव्हता. मग कागद कुठून येणार? डॉ. बी. एम. नेने, डॉ. कस्तुरी जयंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलटी वाट धरली. कार्यकर्ते गावोगाव फिरले, घराघरांत चौकशी करत गेले, कर्करोगाची लक्षणे सांगत गेले आणि संशय वाटेल त्याला बार्शीला यायला सांगत गेले. त्यातून या भागातल्या स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्वांत जास्त आहे, हे आकड्यांत दिसले.

या पायावर पुढची मोठी चाचणी उभी राहिली. १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. गावांचे ५२ गट पाडले आणि ते चार भागांत वाटले. एका भागात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पेशींची म्हणजे पॅप तपासणी, तिसऱ्यात ॲसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी आणि चौथ्यात नेहमीच्या आरोग्यसेवेपलीकडे वेगळी तपासणी नाही. संशयित स्त्रियांची पुढची तपासणी आणि उपचार बार्शीच्या रुग्णालयाच्या व्यवस्थेतून होत. निष्कर्ष एप्रिल २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. एचपीव्ही तपासणीच्या भागात ३४,१२६ स्त्रियांमध्ये या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या ३१,४८८ स्त्रियांमध्ये ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या एका तपासणीने मृत्यू निम्म्यावर आले होते. बाकी दोन पद्धतींनी मृत्यूंमध्ये तेवढा ठोस फरक पडला नाही. चौथ्या भागातल्या स्त्रियांना तपासणीविना ठेवणे योग्य होते का, हा नैतिक प्रश्न पुढे जाहीरपणे विचारला गेला आणि तो विचारायलाच हवा होता.

या चाचणीची आठवण जगभर एचपीव्हीच्या संदर्भात निघते. पण प्रयोगशाळेत विषाणू शोधण्याआधी कोणीतरी नमुना घ्यावा लागतो. बाळंतपणातही पुरुष डॉक्टरसमोर संकोचलेली, घरच्यांना न विचारता शेजारच्या गावीही न गेलेली बाई तपासणीच्या टेबलावर झोपायला तयार होणे ही या कामातली सर्वांत अवघड पायरी. ती पायरी प्रशिक्षित परिचारिका-प्रसविकांनी ओलांडली. तपासणी त्यांनीच केली आणि बोलावलेल्या स्त्रियांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक आल्या.

त्याच काळात तमिळनाडूतल्या डिंडिगुल जिल्ह्यात परिचारिकांना आणखी एक पाऊल पुढे नेले गेले. तिथे त्यांनी डोळ्यांनी पाहणी केलीच, शिवाय कर्करोगाच्या आधीची अवस्था दिसलेल्या योग्य स्त्रियांवर अतिथंड उपचारही, म्हणजे क्रायोथेरपीही, त्यांनीच केली. २००७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तिथे या कर्करोगाचे प्रमाण २५ टक्क्यांनी आणि त्याचे मृत्यू ३५ टक्क्यांनी घटले. धाराशिवमध्ये जी पद्धत मृत्यू कमी करण्यात अपुरी पडली, तीच डिंडिगुलमध्ये कामी आली. तपासणीची पद्धत जितकी महत्त्वाची, तितकेच ती कोण करते, कसे शिकून करते आणि पुढे काय करते हेही महत्त्वाचे, असा त्याचा एक अर्थ लावता येतो.

हा सगळा अनुभव रोग शोधण्याचा आहे. उपचार पार पाडतानाही तो तितकाच लागू पडतो. मात्र तिथे त्याची नोंद कमी झाली आहे.

खुर्चीजवळ

डे-केअर विभागात डॉक्टर औषध लिहून देतो. ते शरीरात जाताना पाहणारी परिचारिका असते. ती आधी उंची आणि वजन पुन्हा घेते, कारण केमोची मात्रा शरीराच्या पृष्ठभागाच्या अंदाजावरून ठरते आणि मधल्या तीन आठवड्यांत रुग्णाचे वजन पाच किलो उतरलेले असू शकते. रक्ताचा अहवाल बघते. मग नाव, औषध, मात्रा, मार्ग आणि वेळ हे दोघी जणी एकमेकींना वाचून दाखवतात. इतकी काटेकोरी कशासाठी, हे व्हिन्क्रिस्टिनच्या उदाहरणावरून कळेल. हे औषध शिरेतून दिले तर उपचार. चुकून मणक्यातल्या द्रवात गेले तर बहुतेक वेळा मृत्यू.

नंतर शीर. चार-सहा महिने त्याच हातावर सुया घ्यायच्या असतात आणि औषधांनी शिरा कडक होत जातात. म्हणून पहिल्याच दिवशी सर्वांत ठसठशीत शीर वापरून टाकायची नाही, हे अनुभवी परिचारिकेला ठाऊक असते. लांबचा उपचार असेल तर छातीच्या कातडीखाली पोर्ट बसवण्याचा विषय ती आधीच डॉक्टरांकडे काढते.

डॉक्सोरुबिसिन हे सरबतासारखे लाल औषध. ते शिरेबाहेर गळले तर कातडी आणि आतले मांस जाळते. ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही. म्हणून ते हळूहळू देतात, मधूनमधून सुईत रक्त परत येते का ते बघतात आणि ‘आग होतेय का?’ असे पुन्हा पुन्हा विचारतात. अडचण अशी की सोसण्याची सवय लागलेली माणसे खरे सांगत नाहीत. ‘होतंय थोडं, चालतंय की ओ सिस्टर,’ म्हणून गप्प राहतात. कर्करोगाच्या परिचारिकेला हे माहीत असते, म्हणून ती सुई लावण्याआधीच बजावते: ‘काकू, इथं सोसायचं नाही. जराही चुरचुरलं की लगेच हाक मारायची.’ लघवी एक-दोन दिवस लाल होईल, ते रक्त नव्हे, हेही ती तेव्हाच सांगते. नाहीतर त्या रात्री घाबरलेले घर रिक्षा करून धावते.

पॅक्लिटॅक्सेल सुरू केल्यावर ती पहिली काही मिनिटे खुर्चीजवळून हलत नाही. चेहरा लाल होणे, पाठीत कळ येणे, गळा आवळल्यासारखे वाटणे, यांतले काहीही दिसले की आधी सलाइन बंद, मग डॉक्टरला हाक. डॉक्टर येईपर्यंतचे ते अर्धे मिनिट तिचे असते.

घरी जाताना

केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात. त्या काळात आलेला ताप हा साधा ताप नसतो. अंगात लढायला सैनिकच नसताना जंतुसंसर्ग रक्तात पसरू शकतो आणि काही तासांत रुग्ण दगावू शकतो. जगभरची रुग्णालये अशा रुग्णाला दारात आल्यापासून तासाभरात प्रतिजैविक सुरू करण्याचा प्रयत्न करतात. पण रुग्ण दारात आला तर!

आपल्याकडे ताप आला की पॅरासिटामॉलची गोळी, ओली पट्टी आणि ‘सकाळी बघू’. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो तेव्हा तर अंग तापल्यावर ‘ऊन लागलं’ हे कारण तयारच असते. कांद्याचा रस लावला जातो, पन्हे दिले जाते आणि रात्र जाते. म्हणून घरी सोडताना चांगली परिचारिका पहिले सांगते ते थर्मामीटरचे. तो विकत घ्या. तो वाचायला घरातल्या शाळकरी पोरालाही शिकवा. १००.४ फॅरनहाइट दिसले की गोळी देऊन वाट बघायची नाही, आधी फोन करायचा, मध्यरात्र असली तरी. गावातल्या दवाखान्यात जावेच लागले तर पहिले वाक्य काय बोलायचे तेही ती शिकवते: ‘केमो चालू आहे, आज दहावा दिवस आहे.’

दुसरा विषय तोंडाचा. केमोने तोंडाच्या आतले नाजूक अस्तर झिजते. तोंड-घशाच्या कर्करोगात किरणोपचार चालू असतील तर दोन-तीन आठवड्यांत आत फोड येऊन थुंकी गिळणेही जिवावर येते. अशा वेळी ‘मऊ आणि पौष्टिक खा’ हा छापील सल्ला सोलापूरच्या स्वयंपाकघरात अर्धाच कामाचा. इथे ताटात कडक भाकरी आणि लाल तिखट शेंगाचटणी. ही चटणी बंद म्हटली की जेवणच बंद, असे मानणारी माणसे इथे कमी नाहीत. समजूतदार परिचारिका त्याच डब्यातून वाट काढते. ज्वारी सोडायला नको, तिच्या कण्या मऊ शिजवा. भाकरी दुधात कुस्करून भिजू द्या. शेंगदाणा हवाच, कारण त्यात प्रथिने आहेत; पण तिखट-लसूण न घालता अगदी बारीक कूट करून. कोमट पाण्यात चिमूट मीठ आणि चिमूट खायचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा चुळा भरा. आणि मिश्री बंद. पुरुषांना तंबाखू सोडायला सगळे सांगतात. पहाटे चुलीशेजारी मिश्री लावणाऱ्या आजीला विचारायचे मात्र राहून जाते.

तिसरा विषय बोटांचा आणि तो या शहराचा खास आहे. सोलापुरात हजारो बायका विड्या वळून घर चालवतात. पॅक्लिटॅक्सेल किंवा ऑक्झॅलिप्लॅटिनने बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, मग ती बधिर होतात. वेळेत कळले तर डॉक्टर मात्रा कमी करू शकतात, औषध बदलू शकतात. उशीर झाला तर बधिरपणा कायमचा राहू शकतो. ‘हातापायांना बधिरपणा आहे का?’ या प्रश्नाला उत्तर येते, ‘तसं काय नाही.’ तोच प्रश्न ‘पान कातरता येतंय का? विडी वळताना दोरा सुटतो का?’ असा विचारला की बाई सांगू लागते. यंत्रमागावरच्या माणसाला तुटलेले सूत सांधता येते का, हे विचारायचे. बधिरपणाची प्रत ठरवणाऱ्या वैद्यकीय कोष्टकांतही रोजची कामे जमतात का हेच पाहतात. परिचारिका फक्त ती कामे सोलापूरची आहेत, एवढे लक्षात ठेवते.

मग तारखा. आषाढीला पंढरपूरला जायचेच, असे म्हणणाऱ्या माळकऱ्याला नुसते ‘गर्दीत जाऊ नका’ म्हणून काही होत नाही. पुढच्या फेरीची तारीख आणि एकादशी कॅलेंडरवर समोरासमोर ठेवल्या, पेशी सर्वांत कमी असण्याचे दिवस त्यावर दाखवले, तर तो स्वतःच म्हणतो की यंदा कळसाचे दर्शन घेतो. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाला कारखान्याचा हंगाम कधी सुरू होतो, हे उपचार सुरू करण्याआधीच विचारावे लागते.

आठ आठवड्यांचा हिशेब

गर्भाशयमुखाच्या वाढलेल्या कर्करोगाचा ठरलेला उपचार असा: सुमारे पाच आठवडे, आठवड्याचे पाच दिवस बाहेरून किरणोपचार, त्याबरोबर आठवड्याला एकदा सिस्प्लॅटिनची केमो आणि शेवटी आतून किरणोपचार म्हणजे ब्रॅकिथेरपी. हे सगळे आठ आठवड्यांच्या आत संपायला हवे. उपचार लांबला की मधल्या सुट्टीत उरलेल्या पेशी पुन्हा वाढतात आणि रोग आटोक्यात येण्याची शक्यता दिवसागणिक घटत जाते. तोंड-घशाच्या कर्करोगातही तेच.

आता हे वेळापत्रक एका बाईच्या आयुष्यावर ठेवून बघा. गाव पन्नास-साठ किलोमीटरवर. एसटी सकाळी एक, संध्याकाळी एक. बरोबर येणाऱ्या माणसाची मजुरी बुडते. तिसऱ्या आठवड्यात जुलाब लागतात, बसमध्ये दोन तास बसणे अशक्य होते. चौथ्या आठवड्यात पुतणीचे लग्न. ‘शेक घेऊन अंग भाजलं, जरा बरं वाटलं की येतो,’ असे म्हणून घरी थांबलेली बाई उपचार सोडला असे समजत नाही. ती थोडी विश्रांती घेत असते. हा खंड पहिल्याच दिवशी कोणाच्या तरी लक्षात आला पाहिजे.

डॉक्टरच्या लक्षात तो यायला बरेच दिवस जाऊ शकतात, कारण त्याच्यासमोर आलेले रुग्णच इतके असतात की न आलेला दिसत नाही. न आलेल्यांची यादी ठेवणे हे परिचारिकेचे काम. दुपारपर्यंत नाव लागले नाही की फोन. जुलाब असतील तर औषध, पाणी, मीठ-साखर. त्वचा सोलवटली असेल तर सैल सुती कपडा आणि कोणते मलम लावायचे नाही याची समज. भाड्याचे पैसे नसतील तर समाजसेवा अधीक्षकांकडे चिठ्ठी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कागद अडले असतील तर आरोग्यमित्राकडे पाठवणे. यांतली एकही गोष्ट वैद्यकशास्त्राच्या परीक्षेत येत नाही, पण यांतली कोणतीही अडली तर आठ आठवड्यांचे अकरा होतात.

या कामाला आता जगात नाव आणि शिक्षण मिळाले आहे. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात डॉ. हॅरोल्ड फ्रीमन यांनी १९९० मध्ये गरीब कृष्णवर्णीय स्त्रियांना स्तनाच्या कर्करोगाच्या तपासणी-उपचारांत वाट दाखवणारी माणसे नेमली, तिथून ‘पेशंट नॅव्हिगेशन’ची सुरुवात मानतात. मुंबईत टाटा मेमोरिअल सेंटर आणि टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस यांनी मिळून असाच एक वर्षाचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यातून तयार होणाऱ्यांना रामाला पार नेणाऱ्या नावाड्यावरून ‘केवट’ म्हणतात. केवट परिचारिकाच असतो असे नाही. रांग, कागद, निवारा, पैसा ही वाट तो दाखवतो; ताप, जुलाब, जखम हे परिचारिकेने बघायचे. मोठ्या केंद्रात दोघे असू शकतात. जिल्ह्याच्या ठिकाणी बहुधा एकीलाच दोन्ही करावे लागते.

डॉक्टरांपुढे जे निघत नाही

सोलापूरच्या कोणत्याही मोठ्या ओपीडीत मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि दखनी ऐकू येते. विजयपूर-कलबुर्गीकडचे रुग्ण इथे येतात. मागावरची कित्येक कुटुंबे घरात तेलुगू बोलतात. डॉक्टरचे पाच मिनिटांचे बोलणे मुलगा किंवा जावई भाषांतर करून सांगतो आणि भाषांतर करताना गाळतोही. ‘त्यांना कॅन्सर म्हणू नका, गाठ आहे म्हणा’ ही विनंती तर रोजची. परिचारिकेची कसोटी इथे लागते. ती घरच्यांना झिडकारत नाही आणि रुग्णाशी खोटेही बोलत नाही. ‘मामा, तुम्हाला काय सांगितलंय? अजून काय जाणून घ्यायचंय?’ इतकेच विचारते. पुष्कळदा कळते की मामांना सगळे माहीत आहे आणि घरच्यांना वाईट वाटू नये म्हणून तेच गप्प आहेत.

काही गोष्टी रुग्ण फक्त तिलाच सांगतो. गर्भाशयमुखाच्या किरणोपचारांनंतर योनीमार्ग आकसतो. ते टाळण्यासाठी काय करायचे, नवऱ्याबरोबरचे संबंध पुन्हा कधी सुरू करता येतील, हे बाई पुरुष डॉक्टरला विचारत नाही. न विचारल्यामुळे पुढच्या तपासण्याही वेदनेच्या होतात आणि संसारातही अढी बसते. आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर पोटावर मलमार्गाची पिशवी लागलेला माणूस विचारतो, ‘देवपूजा चालेल का? पंगतीत बसता येईल का?’ अशा पिशवीच्या देखभालीतली तज्ज्ञ परिचारिकेची परंपराच मुळात एका रुग्णाने सुरू केली. अमेरिकेत नॉर्मा गिल या बाईंना स्वतःला अशी पिशवी लागली होती. १९५८ मध्ये क्लीव्हलँडमध्ये डॉ. रूपर्ट टर्नबुल यांनी त्यांना इतर रुग्णांना शिकवण्यासाठी नेमले आणि स्टोमा नर्सिंग ही शाखा उभी राहिली. मुंबईच्या टाटा मेमोरिअलमध्ये आज असे प्रशिक्षण मिळते.

वेदनेचेही तसेच. मॉर्फिनच्या गोळीचे नाव काढले की घरात दोन भीती उभ्या राहतात: सवय लागेल आणि शेवट जवळ आला. २०१४ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त संस्थांना मॉर्फिन ठेवणे सोपे झाले, पण घरच्या कपाटातली गोळी रुग्णाच्या तोंडापर्यंत जाण्यासाठी कायदा पुरत नाही. दुखायला लागल्यावर नाही, घड्याळ लावून दर चार तासांनी द्यायची. बद्धकोष्ठाचे औषध पहिल्या दिवसापासून चालू ठेवायचे. डॉक्टरच्या देखरेखीखाली वेदनेसाठी घेतलेली गोळी म्हणजे व्यसन नव्हे, हे कोणीतरी घरच्या माणसांसमोर बसून, त्यांच्या शंका संपेपर्यंत सांगावे लागते.

पुरावा काय?

हे सगळे माणुसकीचे झाले, त्याने आयुष्य वाढते का? या प्रश्नाचे उत्तर न्यूयॉर्कच्या मेमोरिअल स्लोन केटरिंग रुग्णालयातून मिळाले. बार्शीचे रुग्णालय ज्यांच्या नावाने आहे, त्या नर्गिस दत्त यांच्यावर याच रुग्णालयात उपचार झाले होते. तिथल्या चाचणीत पसरलेल्या कर्करोगावर केमो घेणाऱ्या ७६६ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाने आपली लक्षणे घरून संगणकावर कळवायची. लक्षण बळावले की परिचारिकेला ताबडतोब सूचना जाई. दुसऱ्या गटाने नेहमीप्रमाणे पुढच्या भेटीत सांगायचे. सूचना आल्यावर सुमारे तीन-चतुर्थांश वेळा परिचारिकांनी काहीतरी केले: फोन, औषधातला बदल, रुग्णालयात बोलावणे. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत पहिल्या गटाचे मध्यम आयुर्मान ३१.२ महिने निघाले, दुसऱ्याचे २६. पाच महिन्यांचा फरक, औषध तेच. कितीतरी महागड्या नव्या औषधांना एवढा फरक दाखवता येत नाही.

काही देशांनी अशा परिचारिकांसाठी वेगळी पदेच निर्माण केली. ब्रिटनमध्ये १९७५ पासून मॅकमिलन या संस्थेच्या नर्स आहेत. ऑस्ट्रेलियात क्रिकेटपटू ग्लेन मॅकग्रा आणि त्याची पत्नी जेन यांनी २००५ मध्ये संस्था काढली. जेनला स्तनाचा कर्करोग झाला होता. उपचारांच्या काळात एका खास परिचारिकेचा आधार काय असतो, हे तिने अनुभवले होते आणि तो प्रत्येकीला मिळावा असे तिला वाटत होते. २००८ मध्ये ती गेली. सिडनीची जानेवारीतली कसोटी गुलाबी रंगात खेळली जाते, ती या परिचारिकांच्या पगारासाठी निधी जमवायला. तिथल्या दूरच्या खेड्यांतल्या बायकांनाही ही सेवा फुकट मिळते.

आपल्याकडे काय अडते

आपल्याकडे अडचण शिक्षणाची थोडी आणि व्यवस्थेची जास्त आहे. अभ्यासक्रम आहे. पण तो करून आलेल्या परिचारिकेची ड्यूटी काही महिन्यांनी अपघात विभागात लागू शकते, मग बाळंतिणींच्या वॉर्डात. फेरपालटाचा हा नियम सर्वसाधारण वॉर्डासाठी ठीक असेल. केमोच्या खुर्चीजवळ तो तिचे शिक्षण वाया घालवतो. रुग्णाला फोन करणे हे कोणत्याही तक्त्यात ‘काम’ म्हणून लिहिलेले नसते, म्हणून ते तिच्या स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या वेळेत होते. नाहीतर होतच नाही. आणि तापाच्या रुग्णाला ‘आत्ता निघा’ असे स्वतःच्या जबाबदारीवर सांगण्याचा अधिकार तिला कागदोपत्री क्वचितच दिलेला असतो.

हे सुधारण्याची वेळ आता आली आहे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत देशातल्या सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रे सुरू करण्याची घोषणा झाली. त्यांतली २०० त्याच वर्षी. केमोची खुर्ची घराजवळ येणे ही मोठी गोष्ट आहे, मुंबई-पुण्याच्या धर्मशाळेत महिनेच्या महिने काढणाऱ्यांना तर फारच मोठी. पण तिथे तज्ज्ञ डॉक्टर रोज असेलच असे नाही. मोठ्या केंद्रातून उपचार ठरेल आणि जिल्ह्यात तो दिला जाईल. म्हणजे मुंबईत जितकी जबाबदारी परिचारिकेवर असते, त्याहून जास्त इथे येईल.

प्रत्येक केंद्रासाठी निदान दोन प्रशिक्षित परिचारिका, त्यांची पाच वर्षे बदली नाही, रुग्णालयाच्या खर्चाने चोवीस तास चालू असलेला एक फोन, ताप-जुलाब-रक्तस्राव यांत काय करायचे याचा लेखी आदेश आणि न आलेल्या रुग्णांची रोजची यादी. एवढ्या गोष्टींना नवी इमारत लागत नाही, आयात केलेले यंत्र लागत नाही. सरकारी भाषेत बोलायचे तर हा पदनिर्मितीचा आणि एका शासन निर्णयाचा प्रश्न आहे.

तोवर रुग्णाच्या घरच्यांनी एक करावे. पहिल्या केमोनंतर निघताना फाइल, गोळ्या आणि पुढची तारीख घेतली की तसेच जिन्याकडे वळू नये. विभागातल्या सिस्टरला विचारावे: ताप आला तर कोणत्या नंबरवर फोन करायचा, तो रात्री कोण उचलते, आणि आम्ही ठरल्या दिवशी आलो नाही तर ते इथे कोणाच्या लक्षात येईल? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत. तिसऱ्याचे उत्तर मिळाले नाही, तर तो प्रश्न रुग्णालयाच्या तक्रारपेटीत टाकावा. पुष्कळांनी टाकला की त्याचे उत्तर द्यायला कोणाला तरी नेमावेच लागेल.